एक यंत्र, दोन पत्ते

सर्व्हर चालू आहे, पोर्ट बरोबर आहे, फायरवॉलही आड येत नाही. तरी क्लायंट म्हणतो, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. असं कसं? कारण आपण ज्याला एक इंटरनेट समजतो, त्यात एकाच तारेतून दोन जाळी वाहत असतात आणि त्यांचा परस्परांशी थेट संवाद होत नाही!

पहिलं आयपीव्ही४. १९८१ साली ठरलेल्या या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणून जगभरात मिळून पत्ते जेमतेम ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला. दुसरं आयपीव्ही६. त्याचा पत्ता १२८ बिटांचा. एकूण पत्ते लिहायचे तर ३४ वर ३७ शून्यं द्यावी लागतात. पॅकेट कोणत्या जाळ्यातलं, हे त्याचे पहिले चार बिट सांगतात: ०१०० म्हणजे चार, ०११० म्हणजे सहा. दोन जगांमधला फरक दिसतो तो एका बिटात!

आता 'लोकलहोस्ट' हे साधं नाव घ्या. त्याचे पत्ते दोन: १२७.०.०.१ आणि ::१. सर्व्हर फक्त पहिल्यावर ऐकत असेल आणि क्लायंट दुसऱ्यावर गेला, तर यंत्र तेच असूनही नकार मिळतो. नोड.जेएसच्या १७व्या आवृत्तीत, २०२१ साली, हेच झालं. तोवर नावाचा आयपीव्ही४ पत्ता आधी दिला जाई. नंतर ऑपरेटिंग सिस्टीम देईल तो क्रम तसाच घेतला जाऊ लागला. स्वतःच्या कोडमधली एक ओळही न बदलता अनेकांचे प्रोग्राम जोडले जाईनात.

मग ब्राउझर सहसा का अडत नाही? तो 'हॅपी आयबॉल्स' नावाची युक्ती वापरतो. दोन्ही पत्ते मागवतो, बहुधा आयपीव्ही६वर आधी हाक देतो आणि पाव सेकंदाच्या आसपास उत्तर आलं नाही, तर आयपीव्ही४वरही प्रयत्न सुरू करतो. आधी जोडलं जाईल ते टिकतं, दुसरं सोडून दिलं जातं. हे सारं पापणी लवायच्या आत! ज्या क्लायंटमध्ये ही सोय नाही, तो मात्र एकाच पत्त्यावर ताटकळत बसतो.

म्हणून दोष शोधताना एररमधला पत्ता नीट वाचा. नुसते टिंब असतील तर चार, विसर्गासारखे कोलन असतील तर सहा. मग 'कर्ल'ला -४ आणि -६ असे पर्याय देऊन दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासा. एक चालली आणि दुसरी अडली, की दोष कुठल्या बाजूला आहे ते कळलं. शेवटी सर्व्हर कुठे ऐकतोय ते पाहा: ०.०.०.० म्हणजे फक्त आयपीव्ही४. नुसतं :: असेल, तर लिनक्सवर साधारणपणे दोन्ही.

आयपीव्ही६ बंद करून टाकण्याचा मोह होतो, पण तो इलाज नव्हे. सर्व्हरला दोन्ही पत्त्यांवर ऐकायला लावा, दुरुस्ती तीच.