शर्यतीची मोटार व तिचें वजन

पनवेल गांव एके काळीं गाडीच्या चाकांसाठीं नांवाजलेलें होतें. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला व देशावरच्या बैलगाड्या येथील बंदरापर्यंत येऊं लागल्या. १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत चाकें करणें हा पनवेलचा मुख्य धंदा म्हणून सांगितला असून, देशावरून येणारा प्रत्येक गाडीवान परततांना चाकांची निदान एक जोडी घेऊन जातो, अशी नोंद आहे. त्या वेळच्या सुतारापुढें एक कायमचें कोडें असे: चाक दणकट तर हवें, पण बैलांना ओढवेल इतकें हलकेंहि हवें. आज ज्या मोटारींविषयीं लिहावयाचें आहे, त्या बांधणाऱ्यांपुढेंहि कोडें तेंच आहे.

मोटारींच्या शर्यतींचें मुलांना किती वेड आहे, हें पालकांस सांगावयास नको. त्यांपैकीं जी शर्यत अगदीं सरळ रस्त्यावर होते, तिला ड्रॅग रेसिंग म्हणतात. दोन मोटारी शेजारीं शेजारीं उभ्या करावयाच्या, खुणेचा दिवा लागतांच सोडावयाच्या, आणि पाव मैल, म्हणजे सुमारें ४०२ मीटर अंतर, जी आधीं कापील ती जिंकली. वळण नाहीं, चढ नाहीं. अमेरिकेंत हा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावला व त्याचे नियम करणारी राष्ट्रीय संस्था १९५१ सालीं निघाली. आपल्या बाजूस लोणावळ्यापलीकडील ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर २०१० नंतरच्या दशकांत अशा शर्यती झाल्या. परंतु खेड, आंबेगांव, जुन्नर ह्या तालुक्यांतील लोकांना ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. त्यांच्या घाटांतला बैलगाडा याच जातीचा: उभ्या जागेवरून सुटावयाचें, सरळ धांवावयाचें, आणि निकाल सेकंदांत मोजावयाचा. (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानें बंद पडलेल्या ह्या शर्यती डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर पुन्हां सुरू झाल्या, व २०२३ सालीं घटनापीठानें त्यांस मुभा देणारा कायदा वैध ठरविला.) शर्यतीचा गाडा कोणी माल वाहण्याच्या गाडीसारखा जड बांधीत नाहीं. शेतकऱ्यास जें अनुभवानें कळलें, तें मोटारवाल्यास गणितानें कळतें.

तें गणित असें. बल तेंच राहून वस्तुमान घटलें तर प्रवेग वाढतो, हा न्यूटनचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. मात्र वजन एकदशांश घटलें म्हणजे वेळहि एकदशांश वांचेल, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. इंजिनाची शक्ति कायम धरली, तर ठराविक अंतरास लागणारा वेळ वजनाच्या घनमूळाच्या प्रमाणांत बदलतो. समजा, १५०० किलोची एक जुनी मोटार पाव मैल १४ सेकंदांत कापते. तिचें वजन १३५० किलोंवर आणलें, तर ती सुमारें साडेतेरा सेकंदांत पोंचेल. एवढा खटाटोप करून अर्धाच सेकंद, असें कोणी म्हणेल. पण शेवटच्या रेषेपाशीं अशा मोटारीचा वेग ताशीं १६० किलोमीटरांच्या आसपास असतो, आणि त्या वेगानें अर्ध्या सेकंदांत ती बावीस मीटर जाते. एकीपुढें एक अशा चार मोटारी उभ्या केल्यास जेवढी जागा लागेल, तेवढें हें अंतर आहे.

आतां हे दीडशें किलो काढावयाचे कोठून? हातांत हत्यार घेण्यापूर्वीं मोटार वजनकांट्यावर न्यावी. कळंबोलीच्या लोखंडबाजारामुळें आपल्या भागांत मालमोटारी तोलण्याचे कांटे पुष्कळ आहेत. प्रथम सगळी मोटार तोलावी, मग केवळ पुढचीं चाकें कांट्यावर ठेवून तोलावी. हा दुसरा आंकडा पुढें फार उपयोगी पडतो. नंतर जें मोडल्यावांचून काढतां येतें तें काढावें: जादा चाक, हत्यारांची पेटी, मागची बैठक, गालिचा व त्याखालचे आवाज दाबणारे डांबरी थर. पेट्रोलचा एक लिटर पाऊण किलोच्या जवळपास भरतो. तेव्हां पाव मैल जाण्यासाठीं पन्नास लिटरांची टांकी तुडुंब भरणारा मनुष्य तीस किलोंहून अधिक ओझें फुकट वाहतो. चालकाचें स्वतःचें वजन हाहि ह्या हिशेबांतला एक आंकडा आहे. पण तो मांडावयास चालक सहसा तयार नसतात. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा. जी मोटार साठ वर्षें टिकली ती आतां पुन्हां कारखान्यांत होणार नाहीं, आणि तिच्या पत्र्यास पाडलेलें भोंक कायमचें असतें.

अमेरिकेंतील कारखान्यांनीं ह्या कामांत जी कल्पकता दाखविली ती मोठी मौजेची आहे. फोर्ड कंपनीनें १९६४ सालीं थंडरबोल्ट नांवाच्या मोटारी काढल्या. त्यांचे पुढचे पंखे व इंजिनावरील झांकण कांचतंतूंचें होतें, खिडक्यांस कांचेऐवजीं प्लॅस्टिक होतें, आणि रेडिओ, हीटर, उन्हाच्या झडपा हीं सर्व गाळलीं होतीं. १९६८ च्या डॉज हेमी डार्टमध्यें तर दारांचा पत्रा आम्लानें झिजवून पातळ केला होता. खिडकीची कांच वर ओढावयास मुठीऐवजीं साधा पट्टा होता. त्याहि आधीं, १९६३ सालीं, पाँटिॲक कॅटॅलिना मोटारीच्या सांगाड्यास इतकीं भोंकें पाडलीं कीं लोक तिला भोंकाळ चीज म्हणूं लागले. अशा चौदाच मोटारी झाल्या.

सांगाड्यास भोंकें पाडून तो मोडत कसा नाहीं, हा प्रश्न विद्यार्थ्यांनीं विचारावा असाच आहे. तुळईवर भार आला म्हणजे तिची वरची कड दाबली जाते व खालची ताणली जाते. मधल्या भागावर हा ताण अगदीं थोडा असतो. म्हणून मधली धातु काढली तर बळ फारसें जात नाहीं. कोंकणांतला बांबू आंतून पोकळ असून वाऱ्यांत उभा राहतो तो ह्याच कारणानें. पण तेंच भोंक कडेजवळ गेलें, किंवा त्याची धार खडबडीत राहिली, तर तेथूनच चीर सुरू होते. वर सांगितलेल्या पाँटिॲकांचे सांगाडेहि कमकुवत म्हणूनच ओळखले जातात.

सर्व किलो सारख्या मोलाचे नसतात, ही ह्या विषयांतली खरी गोम आहे. चाकाच्या घेरावरील एक किलो पुढें तर न्यावा लागतोच, शिवाय फिरवावाहि लागतो. त्यामुळें वेग घेतांना तो जवळजवळ दोन किलोंइतका भारी पडतो. घेर व टायर हलके केले कीं लाभ दुप्पट होतो. लांकडी चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीस आपल्याकडे धांव म्हणतात. ती जाड केली तर चाक अधिक टिकतें, आणि बैल अधिक दमतात.

आतां कांट्यावरचा तो दुसरा आंकडा आठवावा. ह्या जुन्या मोटारींना मागचीं चाकें ढकलतात. त्यांवर भार नसेल तर तीं जागच्या जागीं घसरतात व इंजिनाचें बळ धुरांत जातें. म्हणून वजन काढावयाचें तें शक्यतों नाकाकडून. थंडरबोल्टची जड बॅटरी इंजिनापासून उचलून मागच्या डिकींत ठेविली होती. त्यानें एकूण वजन घटलें नाहीं, पण मोटार जोरानें सुटूं लागली.

ब्रेक, सुकाणूचे दांडे आणि चालकाचा पट्टा ह्यांच्या वाटेस मात्र कोणी जाऊं नये. उलट, फार वेगवान मोटारींत चालकाभोंवतीं पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवावाच लागतो, मग त्याचें वजन कितीहि होवो. २००८ सालीं स्कॉट कलिटा हा अनुभवी चालक शर्यतीच्या पात्रता-फेरींत मरण पावल्यावर सर्वांत वेगवान वर्गांचें अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणिलें गेलें.

हें येथें मुद्दाम सांगावयाचें कारण, आपल्या गांवांतले कांहीं तरुण फटफटीचे आरसे काढून ती हलकी झाली म्हणून मिरवितात. आरसा पाव किलोचा धरा. दोन आरशांचा अर्धा किलो झाला. फटफटी व तिच्यावरचा स्वार मिळून १८० किलो होतात. वर दिलेल्या घनमूळाच्या हिशेबानें दहा सेकंदांच्या धांवेंत एक शतांश सेकंदहि वांचत नाहीं. मागून येणारी मालमोटार मात्र दिसेनाशी होते. घरीं कागद-पेन्सिल घेऊन हें गणित मुलानें बापासमोर करून दाखवावें.

शर्यतींच्या कित्येक वर्गांत मोटारीचें किमान वजन ठरलेलें असतें. मोटार त्याहून हलकी भरली, तर तेवढें ओझें तिच्यांत पुन्हां घालावें लागतें. मग महिनोन्महिने खपून वजन काढलेला कारागीर शिशाच्या लाद्या आणतो व त्या मागच्या आंसाजवळ, आपल्याला हव्या तेथें, बोल्टांनीं घट्ट आंवळून बसवितो.