तान्ह्याची टाळू फुगली तर…

तान्हे बाळ दूध ओढेना, मलूल पडले, की घरात आधी दृष्ट काढतात. पण ही मेंदूच्या आवरणाला सूज आल्याची, म्हणजे मेनिंजायटिसचीही खूण असू शकते. तान्ह्याची मान ताठतेच असे नाही. ताप येतो किंवा अंग गार पडते, टाळू फुगते, आकडी येते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आजारी तान्हे ओळखायला शिकवले. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज कर्जतमध्ये आशाताई घरी येते, ती त्याच वाटेने.

तेव्हा भगिनींनो, सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. पाठीतले पाणी काढल्याने बाळ पांगळे होत नाही. इंजेक्शने दोन-तीन आठवडे पुरी होऊ द्या. बहिरेपण मागे राहू शकते, म्हणून बरे झाल्यावर कान तपासून घ्याच.