ध्रुवतारा दिसत नसेल तर दुर्बिणीचा माउंट कसा जुळवायचा?

ध्रुवतारा खगोलीय ध्रुवावर नेमका नसतो. अर्ध्या अंशाहून थोडा जास्तच बाजूला असतो. माउंटच्या अक्षाचा रोख ध्रुवापासून १० कला चुकला, तर तारा मिनिटाला अडीच विकलांपर्यंत सरकतो आणि पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये ठिपक्याची रेघ होते. ऑटोगायडर ही घसरण सावरतो, पण गाइड ताऱ्याभोवती हळूहळू फिरणारे चित्र त्याला आवरत नाही.

पुण्यातून ध्रुव क्षितिजाच्या जेमतेम साडेअठरा अंश वर असतो. तिथे बहुधा धुरकट हवा, नाहीतर शेजारची इमारत! अशा वेळी ड्रिफ्ट पद्धत कामी येते. ती वेळखाऊ खरी, पण तिला ध्रुवतारा लागतच नाही. खगोलीय विषुववृत्ताजवळचा, डोक्यावरच्या दक्षिणोत्तर रेषेवर आलेला तारा फुलीच्या आयपीसमध्ये मधोमध धरतात. तो दक्षिणेकडे घसरला तर अक्ष पूर्वेकडे कललेला असतो. उत्तरेकडे घसरला तर पश्चिमेकडे. मग पूर्व क्षितिजाकडचा तारा घेतात. तो दक्षिणेला सरकला तर अक्ष खाली, उत्तरेला सरकला तर वर असतो. पूर्व-पश्चिम घसरणीकडे लक्ष द्यायचे नसते.

शेवटचा स्क्रू आवळताना बरेचदा अक्ष पुन्हा हलतो, म्हणून तोही आयपीसमध्ये बघतच आवळतात.