परतीच्या वाटेवरील किनारी पक्षी

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या खाड्यांत व पुळणींवर हिवाळ्यात उतरणारे चिखले, तुतवार, कुरव आदी पक्षी किनारावासीयांच्या परिचयाचे आहेत. परंतु फाल्गुन-चैत्रात चालणाऱ्या त्यांच्या परतीच्या तयारीकडे सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः किनाऱ्याची खरी कसोटी याच दिवसांत लागते.

परतीची चाहूल प्रथम पिसाऱ्यावरून लागते. हिवाळाभर करडा दिसणारा वाकड्या चोचीचा तुतवार एप्रिलमध्ये विटकरी तांबडा होतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे फिकट डोके गडद होते. यांपैकी तुतवाराची वीण सैबेरियाच्या उत्तरेकडील टुंड्रा प्रदेशात, तर कुरवाची लडाख-तिबेटमधील सरोवरांकाठी होते.

रंगपालटाच्या सुमारासच शरीरात चरबी साठू लागते. ही प्रवासाची शिदोरीच होय. प्रस्थानापूर्वी काही जातींचे वजन दीडपट होते. ओहोटीने उघड्या पडणाऱ्या चिखलातील कृमी, शिंपले व लहान खेकडे यांतून ही शिदोरी मिळते. भरतीच्या वेळी पक्षी वाळूच्या दांड्यांवर व मिठागरांच्या बांधांवर विसावतात. तेथे वाहनांमुळे वा कुत्र्यांमुळे वारंवार उडावे लागल्यास साठवलेली चरबी व्यर्थ खर्ची पडते.

निरीक्षणासाठी भरतीचे गणित ठाऊक असावे. किनाऱ्यावरील रूढ ठोकताळ्यानुसार तिथीची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीस ती सहाच्या सुमारास येते. त्यापूर्वी सुमारे दोन तास, पाणी चढू लागताच, विखुरलेले थवे किनाऱ्याजवळ येतात. सूर्य पाठीशी ठेवून, दुरूनच मोजणी करावी. दिनांक, वेळ, जात, संख्या व पिसाऱ्याचा रंग शाळेच्या नोंदवहीत लिहावा. पायात कडे दिसल्यास त्यावरील खूण टिपून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळवावी. डॉ. सालीम अली यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९५९ साली पक्ष्यांना कडी घालण्याचा व्यापक कार्यक्रम हाती घेतला होता.

ठाणे खाडीच्या काही भागास २०१५ साली अभयारण्याचा, तर खाडीस २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा लाभला. लहान खाड्यांना असे संरक्षण क्वचितच मिळते. तेथे ग्रामपंचायतीची दक्षता महत्त्वाची ठरते. उघडा चिखल पडीक समजून त्यावर भराव पडू न देणे आणि मार्च ते मे या काळात विसाव्याच्या जागी वाहने जाऊ न देणे, एवढे तरी प्रत्येक किनारी गावास करता येण्याजोगे आहे.