धोत्र्याचे तीन पेशीस्तर
भंडारा जिल्ह्यातील कोंढ्याच्या बागाइतात वांग्याच्या एखाद्या फांदीस निराळेच फळ धरले, तर शेतकरी त्याचे बी राखतो. पुष्कळदा निराशा पदरी येते. याचे कारण बांधावरच्या उपेक्षित धोत्र्याच्या एका जातभाईने सांगितले. १९४० साली अमेरिकेत सटीना, ब्लेकस्ली व ॲव्हरी यांनी धोत्र्याच्या बियांवर कॉल्चिसिनाचा प्रयोग केला. काही रोपांत अंकुराग्राच्या एकाच स्तरातील गुणसूत्रे २४ ऐवजी ४८ झाली. मोठ्या केंद्रकांच्या खुणेवरून त्या स्तराचा माग फुलाफळापर्यंत काढता आला. असे स्तर तीन ठरले. बाहेरच्यापासून त्वचा, आतल्यापासून गाभा, आणि जननपेशी मात्र मधल्यापासून! त्वचास्तरापुरताच झालेला फरक म्हणूनच बियांत उतरत नाही. तो राखावयाचा तर त्या फांदीचेच कलम करावे लागते.