सावंतवाडीचा पाट आणि डेन्मार्कची खुर्ची

सावंतवाडीच्या लाकूडकामात बसायच्या वस्तूंना खेळण्यांइतकाच मान आहे. चितारआळीतील दुकानांत रंगीत लाकडी फळांच्या शेजारी पाट आणि चौरंग मांडलेले असतात. ही कला चितारी समाजाची. सावंत-भोसले घराण्याच्या आश्रयाने, विशेषतः तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (१७५५ ते १८०३), ती बहरली.

पाट दिसायला साधा असला, तरी त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. एक रुंद फळी आणि तिच्याखाली दोन पट्ट्या. पट्ट्यांमुळे फळी दोन-तीन बोटे वर राहते, एवढ्यानेच सारवलेल्या जमिनीची पावसाळी ओल बसणाऱ्याला लागत नाही. शिवाय पट्ट्या लाकडाच्या रेषांना आडव्या ठोकल्यामुळे फळीला बाक येत नाही. चौरंगाला चार पाय येतात आणि तेथे कातकाम सुरू होते. कातावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि तिचा पातळ थर लाकडावर बसतो. केवड्याच्या पानाने घासून त्याला चकाकी आणतात. सपाट भागावर मात्र कुंचल्याने वेलबुट्टी काढतात. खेळण्याला हलका पांगारा चालतो, पण वजन पेलायचे तर शिवण किंवा सागासारखे दमदार लाकूड हवे.

विसाव्या शतकात ही कला मागे पडली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून तिला नवे बळ दिले. गंजिफा या पारंपरिक गोल पत्त्यांबरोबर रंगवलेले फर्निचरही तेथे तयार होऊ लागले. या दांपत्याचे हे काम फार मोठे आहे. तरीही फर्निचरवर सगळा भर रंगावर आणि नक्षीवर राहिला, बैठकीच्या घडणीचा नव्याने विचार फारसा झाला नाही.

तो विचार त्याआधीच्या काही दशकांत डेन्मार्कमध्ये झाला होता. कोपनहेगनच्या सुतारसंघाने १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी प्रदर्शन भरवले. त्यासाठी वास्तुविशारद आणि सुतार जोडीने काम करत. कोरे क्लिंट हे या परंपरेचे गुरू. त्यांची १९३३ ची 'सफारी' खुर्ची थेट भारताशी जोडलेली आहे. रुडकीच्या लष्करी अभियंत्यांनी छावणीसाठी केलेली, सहज जुळणारी आणि उचलून नेता येणारी खुर्ची हा तिचा नमुना होता.

पुढच्या पिढीतले हान्स वेगनर स्वतः सुतारकाम शिकलेले होते. १९४९ मध्ये त्यांनी दोन प्रसिद्ध खुर्च्या आखल्या. एकीची बैठक कागदी दोरीने हाताने विणलेली असून तिला सुमारे १२० मीटर दोरी लागते. दुसरीचे हात आणि पाठ मिळून एकच अर्धगोल पट्टी होते. पट्टीतले सांधे चांगले दिसत नाहीत असे वाटल्याने वेगनर यांनी पाठीला आधी वेत गुंडाळला. नंतर वेत काढून त्यांनी एकमेकांत दातेरी अडकणारा सांधा उघडाच ठेवला, आणि तोच त्या खुर्चीचा दागिना ठरला. १९६० मध्ये केनेडी आणि निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत हीच खुर्ची अमेरिकेने पाहिली.

सावंतवाडीच्या फर्निचरमध्ये सांधा रंगाखाली जातो, डॅनिश खुर्चीत तो समोर येतो. लाख ओल अडवते, म्हणून कोकणच्या हवेत रंगाचा थर उपयोगाचाच आहे. पण कातकाम आणि रंगकाम दोन्ही जाणणाऱ्या कारागिरांच्या गावाला बैठकीच्या घडणीत नवे काही करून दाखवणे अवघड नाही. त्यासाठी गिऱ्हाईकही डोळस हवे. चितारआळीत चौरंग घेताना त्याची वेलबुट्टी पाहून झाली की तो उलटा करावा, पाय कसे बसवले आहेत ते पाहावे आणि घडणीचा दाम न घासता द्यावा.