‘माझे विद्यापीठ’ : दोन शीर्षकांचे व्याकरण

नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा काव्यसंग्रह १९६६ साली प्रसिद्ध झाला. सर्जनशील लेखन विद्यापीठात शिकविता येते काय, या प्रश्नाचा विचार करणाऱ्यांनी या शीर्षकाकडे अवश्य पाहावे. मॅक्सिम गॉर्कीच्या आत्मचरित्राच्या तिसऱ्या खंडाचे मूळ रशियन शीर्षक अनेकवचनी आहे. सुर्व्यांनी एकवचन योजिले. परळच्या गिरणी कामगाराच्या घरी वाढलेल्या, शाळेत शिपाई व पुढे शिक्षक झालेल्या या कवीला गिरणी, चाळ व रस्ता ही निरनिराळी महाविद्यालये वाटत नाहीत, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

१९६२ च्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या शीर्षकातील ‘गा’ तर अधिकच बोलका आहे. ज्ञानेश्वरीत पुरुषाला उद्देशून येणारे हे संबोधन प्रमाण मराठीतून लोपले. वऱ्हाडीत मात्र ते टिकून आहे. उपनिषदातील महावाक्यात क्रियापद आहे, येथे तेही नाही. समोर कोणीतरी उभे आहे आणि त्याला हे सांगावयाचे आहे, एवढेच ‘गा’ सुचवितो, आणि वेदान्ताचे वाक्य कामगाराच्या तोंडी चपखल बसते.

आमच्या उत्तरपत्रिकांत मात्र अशी संबोधने अद्याप ‘अशुद्ध’ म्हणून अधोरेखित होतात. लालबागहून येणारा विद्यार्थी मग ती वर्गाच्या दाराशीच ठेवून निबंध लिहू लागतो.